ग्रुप जुळतो, मग क्रॉसमॅच का जुळत नाही?

प्रश्न असा आहे: रुग्णाचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह. नात्यातले तिघे ओ पॉझिटिव्ह आहेत, रक्तपेढीच्या फ्रिजमध्येही ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या आहेत, तरी पेढीवाले म्हणतात, ‘मॅच होत नाही, अँटिबॉडी लागतेय.’ ग्रुप एकच असताना ही अँटिबॉडी आली कुठून? आणि अँटिजेन-अँटिबॉडीचं हे प्रकरण नेमकं चालतं कसं?

आधी सरळ उत्तर. कार्डावरचा ‘ओ पॉझिटिव्ह’ फक्त तीन अँटिजेनबद्दल बोलतो: ए नाही, बी नाही, डी (म्हणजे आरएच) आहे. तांबड्या पेशीवर आजवर साडेतीनशेहून जास्त अँटिजेन नोंदवले गेलेत आणि ते चाळिसाहून अधिक रक्तगट-प्रणालींत मोडतात. ग्रुपिंग विचारतं, ‘या पेशीवर काय आहे?’ क्रॉसमॅच विचारतं, ‘या रुग्णाच्या प्लाझ्मात असं काही आहे का, जे या दात्याच्या पेशीला धरेल?’ दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी येऊ शकतात.

पाठ्यपुस्तकात यांना प्रतिजन आणि प्रतिपिंड म्हणतात. रक्तपेढीत हे शब्द कुणी वापरत नाही, म्हणून पुढे अँटिजेन आणि अँटिबॉडीच लिहितो. आणखी एक शब्द आधीच वेगळा करून ठेवू. रक्त गोठून होते ती गुठळी, म्हणजे क्लॉट. अँटिबॉडीमुळे पेशी एकमेकींना चिकटून होतो तो क्लम्प. मराठीत दोन्हीला ‘गुठळी’ म्हणायची सवय आहे आणि त्यातून बराच गोंधळ होतो. क्लॉटमध्ये फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं जाळं असतं. क्लम्पमध्ये फायब्रिनचा काही संबंध नसतो, तिथे फक्त पेशी आणि त्यांना सांधणाऱ्या अँटिबॉडी असतात.

आता अँटिजेन म्हणजे काय ते ए-बी-ओवरच पाहू, कारण इथे सगळं एका साखरेवर येऊन ठेपतं. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या बाहेर आलेल्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज ही साखर जोडली की तो एच अँटिजेन झाला. एचवर एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन जोडलं की ए, आणि साधं गॅलॅक्टोज जोडलं की बी. काहीच जोडलं नाही तर एच तसाच राहतो, तो ओ ग्रुप. म्हणजे ए आणि बी यांत फरक किती, तर त्या शेवटच्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरच्या एका छोट्या रासायनिक गटाचा. एवढ्याशा फरकावरून अँटिबॉडी ओळखते आणि चुकीची पिशवी लागली तर माणूस दगावू शकतो. अँटिबॉडी पूर्ण पेशी ओळखत नाही, पूर्ण रेणूही नाही. ती ओळखते फक्त त्याचा एक बारीक कोपरा, ज्याला एपिटोप म्हणतात.

अँटिबॉडीचा आकार डोळ्यांपुढे आणायचा तर आंबे पाडायची बेचकी आठवा. दोन जड आणि दोन हलक्या प्रथिन-साखळ्या मिळून ही बेचकी होते. दोन फाट्यांची टोकं अँटिजेनला धरतात. खालचा दांडा अँटिजेनला शिवतही नाही. त्याचं काम पुढचं: गिळणाऱ्या पेशींना ‘हे उचला’ म्हणून खूण दाखवणं, कॉम्प्लिमेंटला, म्हणजे पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, बोलावणं, वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जाणं. टोकं माणसागणिक आणि अँटिबॉडीगणिक वेगळी असतात, दांडे मात्र मोजक्याच प्रकारचे. आयजीजी ही एक सुटी बेचकी, तिला दोन टोकं. आयजीएममध्ये पाच बेचक्या दांड्यांनी एकत्र बांधलेल्या, म्हणजे टोकं दहा. हा दोन आणि दहाचा फरक लक्षात ठेवा, रक्तपेढीतलं निम्मं काम त्यावर चालतं.

ही टोकं बनतात कशी? लोकांना वाटतं, जंतू किंवा परकी पेशी आत आली की शरीर तिचं माप घेतं आणि त्या मापाची अँटिबॉडी शिवून देतं. तसं होत नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात, बी ग्रुपशी त्यांचा संबंध नाही. या पेशी तयार होतानाच आपल्या जनुकांचे तुकडे सरमिसळ करून जोडतात आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला एकच टोक येतं. हे दाखवणाऱ्या तोनेगावा यांना १९८७चं नोबेल मिळालं. अशा असंख्य पेशी अँटिजेन येण्याआधीच फिरत असतात. अँटिजेन आला की ज्या पेशीचं टोक त्याला बसतं तिचीच निवड होते आणि तिचीच पैदास वाढते. पहिल्या भेटीत साधारण पाच ते दहा दिवस वरवर काहीच दिसत नाही, मग आयजीएम येते, नंतर आयजीजी. टोकांत पुढेही बारीक बदल होत राहतात आणि जास्त घट्ट धरणारी टोकं टिकतात. काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. दुसऱ्या भेटीत त्या थोड्याच दिवसांत भरपूर आणि बहुतेक आयजीजी सोडतात.

मग ज्याला आयुष्यात कधी रक्त चढवलं नाही, त्या ओ ग्रुपच्या माणसात अँटी-ए आणि अँटी-बी आधीपासून कशा? उत्तर आतड्यात आहे. तिथल्या जंतूंच्या पृष्ठभागावर ए आणि बीसारख्याच साखरा असतात. बाळाच्या आतड्यात जंतू वस्तीला आले की तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास या अँटिबॉडी दिसू लागतात. ज्याच्या स्वतःच्या अंगावर ए आहे त्याच्याकडे अँटी-ए बनत नाही, कारण स्वतःला धरणाऱ्या बी पेशी वाढू दिल्या जात नाहीत. अँटिबॉडी अशा उशिरा येतात, म्हणून चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं रिव्हर्स ग्रुपिंग, म्हणजे प्लाझ्मातल्या अँटिबॉडींवरून ग्रुप ठरवणं, यात अर्थ नसतो. त्याच्या प्लाझ्मात जे सापडेल ते आईकडून आलेलं. साखरेच्या अँटिजेनला टी पेशींची (बी पेशींना साथ देणाऱ्या पांढऱ्या पेशींची) मदत फारशी लागत नाही, म्हणून या अँटिबॉडी मुख्यतः आयजीएम राहतात. डी, केल, किड, डफी या इतर रक्तगट-अँटिजेनविरुद्धच्या मात्र बहुतेक वेळा रक्त चढल्यावर किंवा गरोदरपणानंतरच तयार होतात आणि त्या बहुतांशी आयजीजी असतात.

इथपर्यंत पुस्तकी भाग झाला. यापुढचं कळलं की टेस्ट ट्यूबमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही, दोन्हीचा उलगडा होतो.

अँटिबॉडी अँटिजेनला धरते ती कच्च्या बंधांनी. विद्युतभारांचं आकर्षण, हायड्रोजन बंध, पाण्याला नकोशा भागांनी एकमेकांजवळ सरकणं, असे सगळे बंध मिळून पकड तयार होते. कायमचा रासायनिक जोड नसतो, धरणं-सुटणं सतत चालू असतं. म्हणून तापमान, वेळ, मीठ आणि दोघांचं प्रमाण यांना महत्त्व येतं. धरणं ही पहिली पायरी. क्लम्प होणं ही दुसरी, आणि ती होईलच असं नाही.

कारण तांबड्या पेशींच्या अंगावर सायलिक आम्लामुळे ऋण भार असतो. सलाईनमध्ये दोन पेशी एकमेकींना दूर लोटतात आणि त्यांच्यात सुमारे २५ नॅनोमीटरचं अंतर राहतं. आयजीएमचा पसारा साधारण ३० नॅनोमीटर, तिचे हात दोन्ही पेशींना पोचतात आणि क्लम्प होतो. आयजीजीचा पसारा साधारण १४. एक टोक एका पेशीवर बसतं, दुसरं शेजारच्या पेशीपर्यंत पोचत नाही. पेशी अँटिबॉडीने माखलेल्या असतात, तरी ट्यूब हलवली की द्रव दुधासारखा एकसारखा दिसतो आणि नवखा माणूस ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा होतो.

ही अडचण सोडवली १९४५ साली कूम्ब्स, मॉरंट आणि रेस यांनी. माणसाच्या ग्लोब्युलिनविरुद्ध प्राण्यात तयार केलेली अँटिबॉडी त्यांनी वापरली. ती आयजीजीच्या दांड्यालाच अँटिजेन समजून धरते. दोन पेशींवरचे दोन दांडे तिने धरले की मधलं अंतर भरून निघतं आणि न दिसणारी आयजीजी दिसू लागते. म्हणजे अँटिबॉडीवरची अँटिबॉडी. ‘कूम्ब्स टेस्ट’ हीच.

आता प्रत्यक्ष ग्रुपिंग. रुग्णाच्या पेशी सलाईनने तीनदा धुऊन ३ ते ५ टक्क्यांचं मिश्रण करायचं. ५० मायक्रोलिटर घट्ट पेशी एक मिलीलिटर सलाईनमध्ये टाकल्या की जवळपास पाच टक्के होतात. फॉरवर्डमध्ये, म्हणजे पेशींवरचे अँटिजेन पाहताना, एका ट्यूबमध्ये अँटी-एचा एक थेंब, दुसरीत अँटी-बीचा, तिसरीत अँटी-डीचा, आणि प्रत्येकीत पेशींचा एक थेंब. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं, अँटी-डी बिनरंगाचं, हा रंगांचा नेम थेंब पडलाय की नाही ते कळावं म्हणून. अभिकर्मक, म्हणजे हे चाचणीचं द्रावण, आधी, पेशी नंतर. उलट केलं की रिकामी ट्यूब निगेटिव्हसारखीच दिसते. रिव्हर्समध्ये रुग्णाच्या प्लाझ्माचे दोन थेंब आणि माहितीतल्या ए, बी व ओ पेशींचा एक-एक थेंब. दोनास एक असं प्रमाण का, तर माणसाच्या प्लाझ्मातली अँटिबॉडी विकतच्या अभिकर्मकाइतकी जोरकस नसते. मग १००० आरपीएमवर एक मिनिट सेंट्रिफ्यूज. आकडा यंत्राप्रमाणे बदलतो, म्हणून प्रत्येक यंत्राची वेळ आधी ठरवून घेतलेली असावी.

वाचन करायची पद्धतच बरेचदा निकाल ठरवते. ट्यूब बाहेर काढल्यावर तळाशी पेशींचं बटण दिसतं. आधी वरचा द्रव पाहायचा: तो लालसर आणि पारदर्शक झाला असेल तर पेशी फुटल्या आहेत. हिमोलायसिस हा पॉझिटिव्ह निकालच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. मग ट्यूब तिरपी करून हळूच हलवायची आणि बटण सुटताना पाहायचं. एकच घट्ट गोळा सुटला आणि भोवतीचा द्रव स्वच्छ राहिला तर ४+. दोन-तीन मोठे तुकडे झाले तर ३+. मध्यम दाणे आणि स्वच्छ द्रव असेल तर २+. बारीक दाणे आणि गढूळ लाल द्रव असेल तर १+. धुरासारखी सरळ वर येऊन एकसारखी मिसळली तर निगेटिव्ह. जोरात झटके दिले की १+ तुटून शून्य होतो. त्यामुळे कमकुवत अँटिबॉडी निसटते आणि दोष येतो अभिकर्मकाच्या माथी.

फॉरवर्ड आणि रिव्हर्स एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. ओ ग्रुपमध्ये फॉरवर्ड पूर्ण निगेटिव्ह, रिव्हर्समध्ये ए पेशी ४+, बी पेशी ४+ आणि ओ पेशी शून्य. शेवटची ओ पेशींची ट्यूब पैसे आणि वेळ वाचवायला वगळणाऱ्या जागा आहेत. ती वगळू नये, का ते पुढे येतंच.

प्रमाण चुकलं की काय होतं, हेही इथेच सांगायला हवं. पेशींचं मिश्रण जास्त दाट झालं तर अँटिबॉडी थोडी आणि धरायच्या जागा फार, प्रत्येक पेशीला एखाद-दुसरीच मिळते, पूल बनत नाहीत. उलट अँटिबॉडी फार झाली तर प्रत्येक पेशीच्या सगळ्या जागा भरून जातात आणि शेजारच्या पेशीवर दुसऱ्या टोकाला धरायला मोकळी जागाच उरत नाही. याला प्रोझोन म्हणतात. सिफिलिसच्या व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीत हे ठळक दिसतं: अँटिबॉडी भरमसाट असलेल्या रुग्णाचं सिरम तसंच वापरलं तर निगेटिव्ह येतं, पातळ केलं की पॉझिटिव्ह. एखादा निगेटिव्ह निकाल लक्षणांशी जुळत नसेल तर सिरम पातळ करून पुन्हा लावावं, यात कमीपणा नाही.

आता क्रॉसमॅच. रुग्णाचा प्लाझ्मा दोन थेंब, दात्याच्या पेशी एक थेंब. आधी लगेच फिरवून पाहायचं, यात ए-बी-ओची चूक आणि आयजीएम पकडली जाते. मग ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं. कमी क्षारतेचं लिस द्रावण वापरलं तर १० ते १५ मिनिटंही पुरतात, कारण मीठ कमी झालं की अँटिबॉडी लवकर जाऊन बसते. त्यानंतर पेशी तीन-चार वेळा सलाईनने धुवायच्या, शेवटचं सलाईन पूर्ण ओतून टाकायचं, मग कूम्ब्सचे दोन थेंब घालून फिरवायचं आणि वाचायचं.

चूक होते ती धुण्यात. माणसाच्या सिरममध्ये मिलीलिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम आयजीजी असते. धुताना तिचा नगण्य अंश ट्यूबमध्ये राहिला तरी कूम्ब्सचं अभिकर्मक पेशींपर्यंत पोचण्याआधीच तिथे खर्ची पडतं. निकाल स्वच्छ निगेटिव्ह दिसतो आणि तो खोटा असतो. याला उतारा म्हणजे कंट्रोल पेशी: आयजीजी आधीच बसवलेल्या पेशींचा एक थेंब प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये घालून पुन्हा फिरवायचं. आता क्लम्प झालाच पाहिजे. नाही झाला तर अभिकर्मक मेलेलं होतं आणि सगळी चाचणी पहिल्यापासून करायची. ज्या प्रयोगशाळेत कंट्रोल पेशी वापरत नाहीत, तिथल्या निगेटिव्ह कूम्ब्सवर विश्वास ठेवणं अवघड आहे. जेल कार्डात हे धुणंच टळतं. ०.८ ते १ टक्का पेशी ५० मायक्रोलिटर, प्लाझ्मा २५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग कार्डाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं. सुट्या पेशी जेलमधून तळाला जातात, क्लम्प वर अडकतो. कार्ड महाग पडतं, पण दोन माणसांचं वाचन सारखं येतं.

तर तुमच्या रुग्णाचा क्रॉसमॅच कशामुळे अडला असेल? पहिली विचारणा ऑटो कंट्रोलची: रुग्णाचा प्लाझ्मा आणि रुग्णाच्याच पेशी. त्यातही क्लम्प दिसत असेल तर रुग्ण स्वतःच्याच पेशींना धरतोय, किंवा तो क्लम्पच नाही. मायलोमासारख्या आजारात (हा रक्ताचा एक कर्करोग) प्लाझ्मातलं प्रथिन इतकं वाढतं की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात. प्लाझ्मा काढून तेवढंच सलाईन घातलं की चळत विस्कटते, खरा क्लम्प तसाच राहतो. थंडीत जोर धरणारी आयजीएम असेल तर नमुना आणि सलाईन दोन्ही ३७ अंशांवर गरम ठेवून पुन्हा करावं लागतं. मायलोमासाठी डाराटुमुमॅब चालू असेल तर ते औषध म्हणजेच एक अँटिबॉडी आहे. ती सीडी३८ या प्रथिनाला धरते, ते थोडं थोडं सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर असतं, म्हणून कूम्ब्समध्ये झाडून सगळे दाते पॉझिटिव्ह येतात. पेशींवर डीटीटी रसायनाची प्रक्रिया केली की हा अडथळा दूर होतो. पण त्यासाठी औषध चालू आहे हे रक्तपेढीला कुणीतरी सांगायला हवं, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असेल आणि काही दाते जुळत असतील, काही नाही, तर रुग्णाकडे एखाद्या विशिष्ट अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी आहे. ती कोणती हे माहितीतल्या पेशींच्या पॅनेलवर ओळखायचं आणि त्या अँटिजेनविना असलेली पिशवी शोधायची. अशा वेळी तीस नातेवाईक रांगेत उभे करण्यात हशील नसतं.

आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह, पण ओचा एकूण एक दाता ४+? इथे रिव्हर्समधली ती ओ पेशींची ट्यूब कामी येते. तीही ४+ असेल तर रुग्ण ओ नाहीच, तो बॉम्बे ग्रुपचा असण्याची दाट शक्यता.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार पहिल्यांदा मांडला, आणि गावाचं नाव बदललं तरी ग्रुपचं नाव जगभर ‘बॉम्बे’च राहिलं. या लोकांकडे फ्युकोज जोडणारं एन्झाइमच काम करत नाही, त्यामुळे एच बनत नाही. एच नाही म्हणजे ए किंवा बी चढवायला पायाच नाही. फॉरवर्डमध्ये सगळं निगेटिव्ह येतं आणि माणूस हुबेहूब ओ दिसतो. पण ज्याच्या अंगावर एच नाही त्याच्या प्लाझ्मात अँटी-एच तयार होते, आणि ही अँटी-एच ३७ अंशांवरही काम करते, कॉम्प्लिमेंटही पेटवते. सगळ्यात जास्त एच असतो तो ओ पेशींवर, कारण तिथे तो ए-बीमध्ये खर्चच झालेला नसतो. म्हणजे ‘कुणालाही चालणारं’ समजलं जाणारं ओ रक्त या माणसाला सर्वांत घातक. खात्रीसाठी रुग्णाच्या पेशींवर अँटी-एच लेक्टिन लावतात, ते युलेक्स या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळतं. ओ पेशी त्याने ४+ चिकटतात, बॉम्बेच्या अजिबात नाही. लेक्टिनने क्लम्प केलाच तर रुग्ण बॉम्बेचा नाही आणि शोध सर्वांकडे असणाऱ्या एखाद्या दुसऱ्या अँटिजेनविरुद्धच्या अँटिबॉडीकडे वळवायचा. लेक्टिन ही अँटिबॉडी नव्हे, साखर ओळखणारं वनस्पतीचं प्रथिन आहे. ए१ पेशी ओळखणारं लेक्टिन तर आपल्या कुळथातून निघतं. पिठल्याच्या डब्यातला माल रक्तपेढीच्या फ्रिजमध्येही असतो तो असा.

मुंबई आणि भोवतालच्या भागात बॉम्बे ग्रुप साधारण दहा हजारांत एकाचा, असं प्रमाण सांगितलं जातं. पश्चिमी देशांत तो यापेक्षा कितीतरी विरळ. एचचं जनुक १९व्या गुणसूत्रावर, ए-बी-ओचं ९व्या. म्हणून बॉम्बेचा माणूस अंगावर न दिसणारं ए किंवा बीचं जनुक मुलांना देऊ शकतो. कागदोपत्री दोन्ही पालक ओ, मूल मात्र ए, असं घडलं की घरात कुजबुज सुरू होते. आधी पालकांच्या पेशी अँटी-एचने तपासाव्यात.

चुकीची पेशी आत गेली तर काय होतं, ते दोन वाटांनी होतं. आयजीएमने धरलेल्या पेशीवर कॉम्प्लिमेंट लगेच चढतं. एकच आयजीएम त्याला पुरते. पेशी रक्तवाहिनीतच फुटते, लघवी लाल होते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं अडकतात. म्हणून रक्त लावल्यावरची पहिली १५ मिनिटं परिचारिकेने रुग्णाजवळ थांबायचं असतं. आयजीजीला मात्र कॉम्प्लिमेंट पेटवायला दोन बेचक्या अगदी शेजारी-शेजारी लागतात. एका पेशीवर ए अँटिजेनच्या जागा आठ-दहा लाख, डीच्या फक्त दहा ते तीस हजार, त्याही दूर-दूर. म्हणून अँटी-डीने माखलेली पेशी रक्तात फुटत नाही, ती प्लीहेत अडवली जाते आणि गिळणाऱ्या पेशी दांडा ओळखून तिला संपवतात. हे सावकाश होतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि कावीळ दिसते.

काही अँटिबॉडी, विशेषतः किडविरुद्धच्या, काही महिन्यांत इतक्या उतरतात की स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे माहितीतल्या पेशींवर प्लाझ्मा तपासताना, दिसत नाहीत. क्रॉसमॅच स्वच्छ निघतो, रक्त लागतं, आणि स्मृतिपेशी जाग्या होऊन तीन ते चौदा दिवसांत नव्या पेशी तोडायला घेतात. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेला रुग्ण आठवड्याने पिवळा दिसू लागला तर यकृताच्या तपासणीबरोबर डायरेक्ट कूम्ब्सही (रुग्णाच्या पेशींवर आधीच बसलेली अँटिबॉडी शोधणारी चाचणी) करावी. ‘अँटिबॉडी स्क्रीन निगेटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, की आज, या पेशींवर, या तापमानाला काही दिसलं नाही.

डीचं गरोदरपणातलं महत्त्व आयजीजीमुळेच आहे. वार ओलांडते ती फक्त आयजीजी. आयजीएम बाहेरच राहते. डी निगेटिव्ह आईला डी पॉझिटिव्ह बाळाच्या पेशींमुळे अँटी-डी बनू नये म्हणून २८व्या आठवड्यात आणि बाळ डी पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी देतात. एवढी मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलीलिटर रक्ताला पुरते. इंजेक्शननंतर काही आठवडे आईची स्क्रीन पॉझिटिव्ह येणारच, ती दिलेलीच अँटी-डी असते. इंजेक्शनची तारीख नमुन्याच्या फॉर्मवर नसली की ‘आई सेन्सिटाइज झाली’, म्हणजे तिने स्वतःच अँटी-डी बनवली, असा चुकीचा शेरा पडतो आणि प्रसूतीनंतरचं इंजेक्शन कुणीतरी रद्द करतं.

तुमच्या हातात काय आहे, तर माहिती. आधी रक्त कधी आणि कुठे लागलं, गरोदरपणं आणि गर्भपात किती, कोणती औषधं चालू आहेत, आधी कुठे ‘अँटिबॉडी’ असा शब्द कानावर पडला होता का. गेल्या तीन महिन्यांत रक्त लागलं असेल किंवा गरोदरपण असेल तर क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, नवा घ्यावा लागतो. तो घेताना ट्यूबवर नाव रुग्णाच्या खाटेजवळच लिहून घ्या. रक्ताच्या बहुतेक मोठ्या चुका अँटिबॉडीने केलेल्या नसतात, चिठ्ठीने केलेल्या असतात. स्थानिक रक्तपेढीला उलगडा होत नसेल तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेत जातो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात रोगप्रतिकार-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे.

आणि रुग्ण बॉम्बे ग्रुपचाच निघाला तर नात्यातल्या ओ पॉझिटिव्ह तिघांना घरी पाठवा आणि आधी सख्खी भावंडं तपासा. आई-वडील दोघांकडून एक-एक सदोष जनुक आलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाला बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते, बाहेरच्या माणसाला ती दहा हजारांत एक. भावंडांची चाचणी अँटी-एचसह करायला सांगा, नाहीतर तीही ‘ओ’ लिहून परत येतील.